सरखेलाच्या खांद्यावरचे गोंडे

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमचं गाव. शिमग्याला गावात आरमार निघायचं. होड्यांचं नव्हे, माणसांचं. एरवी जाळी ओढणारे गडी अंगरखे चढवून जुने दर्यावर्दी शिपाई व्हायचे आणि देवीच्या पालखीपुढे कवायत करत चालायचे. अंगरखे कुणीही शिवायचं. पण खांद्यावरचे सोनेरी गोंडे आणि छातीवरून काखेखाली जाणारा रेशमी गोफ मात्र आमच्याच घरचा. आम्ही पटवेकरी. रेशीम आणि कलाबूत, म्हणजे सोनेरी तार गुंडाळलेला दोरा, यावर आमचं पोट.

शाळेचे मास्तर म्हणायचे, खऱ्या आरमारात असले गोंडे नव्हतेच, ही साहेबाच्या बँडची नक्कल. असेल. साहेब नुकताच देश सोडून गेला होता. त्याचे गोंडे आम्ही काय म्हणून परत करायचे?

त्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. सगळं काम मी केलं. मला म्हसळ्याला दिलेली, पण मी माहेरी निघून आले होते. का आले ते विचारायला गावात पुष्कळ जण टपलेले होते. त्यांना सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

गोंडे झाले, पण बांधायचे राहिले. गोंडा अंगरख्याला शिवत नाहीत. शिपाई उभा राहिला की त्याच्या खांद्याचा उतार बघून तो तिथल्या तिथे बांधतात, आणि ज्याने वळला त्यानेच बांधायचा. हा मान बाबांचा होता, आता माझा होता. मला तो हवा होता, अगदी हट्टाने हवा होता. अख्खं गाव मला ‘परत आलेली’ म्हणत होतं. पटवेकरीण म्हणून चारचौघांत उभं राहायला तेवढी एकच जागा उरली होती.

पालखीच्या आदल्या दिवशी गावकीचे म्होरके आमच्या ओट्यावर आले. दरवर्षी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, तेच व्हायचे.

“बाय, गोंडे दे. बांधायचं आमी बघतो.”

“बांधणार मीच, काका.”

“बाईचा हात शिपायाच्या खांद्याला लागत न्हाय. रीत हाय.”

“मग बाईने वळलेला गोंडा कसा लागतो?”

माझ्या हातचे गोंडे चालत होते, हात तेवढा चालत नव्हता. माझं डोकंच फिरलं. तरी मी तोंडावर सांगितलं, की तुमची जाळ्याची गाठ ओल्या सुतावर बसते, कोरड्या रेशमावर ती घसरेल.

“अगो, जल्म गेला आमचा गाठी मारन्यात. तू शिकवतीस व्हय?” असं म्हणून त्यांनी गोंड्यांची टोपली उचलली आणि ते चालू लागले. बाबा आत पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी पालखी चौकात आली, मी आमच्या ओट्यावरून बघत होते. सरखेलांनी मुजऱ्याला तलवार उचलली आणि उजवा गोंडा सरकत सरकत खाली आला. मग डावा. गोफ ढेरीवर लोंबायला लागला. पोरं खिदळली. बोडक्या खांद्याने सरखेल देवीपुढे जात नाही, म्हणून ढोल थांबले. चार गड्यांनी तीच गाठ आणखी आवळून मारून बघितली. गोंडे पुन्हा धुळीत.

मग मला निरोप आला, देवळामागे ये, गुपचूप बांधून दे. मी उलट निरोप धाडला, जिथे पडले तिथेच बांधीन.

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. शेवटी बोलावणं आलं आणि मी चौकात गेले. सरखेल चांगले उंच, माझा हात पोचेना, तेव्हा त्यांना धुळीत मांडी घालून बसावं लागलं. मी गोंडे झटकले, धागे सारखे केले आणि सावकाश बांधले. घाई करायचं मला काहीच कारण नव्हतं.

शेवटची गाठ बसली की भालदार झालेला गडी बांधणाराच्या नावाने ललकारी देतो आणि मगच ढोल वाजतो. त्याने खणखणीत आवाजात बाबांचं नाव घेतलं. ढोलवाल्याने टिपरू उचललं. मी सरखेलांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

“बाबा घरी झोपलेत,” मी म्हटलं. “बांधलं कुणी?”

खालून सरखेलच वैतागून ओरडले, “घे रं तिचं नाव! पायाला मुंग्या आल्या माझ्या.”

भालदाराने मान खाली घातली आणि स्वतःच्याच छातीला सांगावं तसं माझं नाव पुटपुटलं.

“ऐकू नाही आलं,” मी म्हटलं.