सोसायटीत कुत्री चालत नाहीत

शशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभात खात होते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून हेही सांगते. मला वाटलं, हा आता नंदक्काच्या कुत्र्यांबद्दल काहीतरी विचारणार, आणि त्या विषयावर मला पुन्हा बोलायचं नव्हतं. मी दहीभात संपवला, हात धुतले, जागेवर येऊन बसले. तोवर त्याचे आणखी तीन फोन येऊन गेले होते. पुढचा घेतला. "मेधा, नंदक्का गेली," तो म्हणाला. "कुठे?" मी विचारलं. तीन वर्षं आम्ही तिघं एका गाडीत राहिलो होतो आणि आमच्या भाषेत 'गेली' म्हणजे पुढच्या गावाला गेली, असाच अर्थ असायचा. शशीनं नुसतं तिचं नाव पुन्हा घेतलं. मागे बस स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता. मग मला कळलं...

याला आता सात आठवडे झाले.

नंदिनीला सगळे नंदक्का म्हणायचे, वयानं मोठी माणसंसुद्धा. तिचं घराणं चार पिढ्यांपासून म्हैसूरचं. मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिंप्याचं दुकान, वरच्या दोन खोल्यांत घर. मी नाशिकहून नोकरीसाठी इथं आले, तेव्हा ब्लाउज शिवायला म्हणून त्या दुकानात शिरले आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये बाही किती हवी ते समजावू लागले. ती मान खाली घालून मशीन चालवत होती. तशीच म्हणाली, "मराठीत बोल की गं. सुम्ने कशाला त्रास घेतेस?" उगाच म्हणायचं तिथं ती कायम 'सुम्ने' म्हणायची. माझं बोलणं ऐकून तिला हसू यायचं. "तुझं मराठी पुस्तकातलं. आमचं स्वैपाकघरातलं." ब्लाउज अंगात बसला, आणि मीही त्या दुकानात बसले ती बसलेच. दर शनिवारी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकून तिच्याशी गप्पा मारायच्या, हा माझा या शहरातला पहिला आनंद.

कोरोनाच्या दिवसांत माझं ऑफिस घरी आलं. जयलक्ष्मीपुरममध्ये माझी भाड्याची खोली होती आणि वरच्या मजल्यावर शशी राहायचा. बेळगावकडचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरणारा, माझ्यामागून तोही त्या दुकानात येऊ लागला होता. त्याच सुमाराला नंदक्काचे वडील वारले. दुकान भाऊ, माधवण्णा, बघू लागला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत सगळं आयुष्य त्या चार फुटांत काढलेल्या या बाईला एकदम वाटलं, की झालं आता. आम्ही तिघं एकदा तीन दिवसांसाठी कोडगूला गेलो होतो. परतीच्या वाटेवर चहा पिताना ती म्हणाली, "परत कशाला जायचं? तुझं काम त्या डब्यात, याचं काम त्या डब्यात, माझं मशीन कुठंही चालतंय." आम्ही हसलो. ती हसली नव्हती.

दोन महिन्यांत आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिघंही ती चालवायला शिकलो. बाकडी काढली, फळ्या ठोकल्या, मागच्या दाराशी तिचं पायाचं मशीन स्क्रूनं पक्कं केलं. दुकानाबाहेर झोपणारा कुत्रा, गुंडू, निघायच्या सकाळी आपण होऊन गाडीत चढला. त्याला कुणी विचारलंही नाही. सोनी आम्हाला गुंडलुपेटजवळ एका पेट्रोल पंपावर सापडली, हातात मावेल एवढी. पहिल्या रात्री तिला कुणी घ्यायचं यावरून आमचं भांडण झालं आणि ते मी जिंकले. हे मुद्दाम लिहिते. ती कुत्री माझीही होती.

लोकांना वाटायचं आम्ही मजा करतोय. आम्ही काम करत होतो. गावात शिरलं की शाळेच्या किंवा देवळाच्या आवाराशी कुणाला तरी विचारून गाडी लावायची. मी सकाळी नऊला लॅपटॉप उघडायची, शशी कानाला हेडफोन लावून कुठल्याशा वरातीचे तुकडे जोडत बसायचा आणि नंदक्का मागचं दार उघडून मशीनशी बसली की तासाभरात बायका जमायच्या. कुणाचा ब्लाउज घट्ट झालेला, कुणाला पोराच्या गणवेशाची चेन बदलून हवी, कुणाला नुसतं बोलायचं. मशीन चालवताचालवता ती त्या गावाची सगळी खबर काढायची आणि संध्याकाळी आम्हाला सांगायची. सकलेशपूरच्या बाजूला नेटवर्क मिळेना, म्हणून मी गाडीच्या टपावर छत्री उघडून तीन दिवस मीटिंगा केल्या. खाली ती गुंडूचं तोंड दोन्ही हातांत धरून बसलेली असायची, साहेबांना भुंकणं ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा हात निसटला. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणाले, "सर, घरातलं माणूस आहे." खालून नंदक्का एवढ्या जोरानं हसली, की तेही ऐकू गेलंच.

सिरसीला मला टायफॉइड झाला. ताप उतरेना, गाडीत राहणं शक्य नव्हतं. शशीनं एक लॉज शोधलं, पण मालक म्हणाला, कुत्र्यांना आत घेणार नाही. मी आत एकटी आणि हे सगळे बाहेर, ही कल्पना नंदक्काला सोसेना. तिनं मालकाशी वाद घातला नाही. त्याच्या खोल्यांमधले उसवलेले अभ्रे आणि विटके पडदे तिच्या नजरेला पडले होते. "दादा, तुमच्या सगळ्या खोल्यांचं शिवण मी नवं करून देते, मागच्या पडवीत माझ्या दोन पोरांना झोपू द्या." एकोणीस दिवस आम्ही तिथं राहिलो. दिवसा ती शिवायची, माझ्या कपाळावर पट्ट्या बदलायची, पेज भरवायची. शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा काय दिसलं, तर खिडकीच्या गजांमधून आत बघणारं सोनीचं नाक. माणसानं केलेला नियम माणसाशी बोलून वाकवता येतो, हे तिनं मला तिथं दाखवलं. मी पुढे काय केलं ते सांगतेच.

तीन वर्षांनी ऑफिसनं परत बोलावलं. आठवड्याचे पाच दिवस हजर राहा, नाहीतर नोकरी सोडा. मी नोकरी सोडली नाही. दोघांना सांगताना मी चेहरा पाडला होता, पण आतून मला सुटल्यासारखं वाटत होतं. मी थकले होते. बादलीच्या पाण्याला, रोज नव्या ठिकाणी आडोसा शोधण्याला, प्रत्येक कपड्यावरच्या केसांना. मला एक दार हवं होतं, जे लावलं की लागेल. नंदक्कानं ते ओळखलं असावं. "जा की. आम्ही काय पळून चाललो? म्हैसूर आमच्याच वाटेवर आहे," एवढंच म्हणाली. मी विजयनगरमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पांढरा सोफा घेतला. सुरुवातीला दर रविवारी फोन व्हायचा, मग महिन्यातून एकदा, मग तिचाच यायचा.

यंदा तिच्या छातीत चमका येऊ लागल्या. म्हैसूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अँजिओग्राफी करावी लागेल, लांबवू नका. नेमका शशी तेव्हा बेळगावला. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं, महिनाभर तरी तो हलू शकणार नव्हता. माधवण्णाच्या सुनेला दमा, दोन खोल्यांच्या त्या घरात कुत्री नेणं शक्य नव्हतं. आणि गुंडू म्हातारा झालेला, परक्यांकडे ठेवलं तर पाणीसुद्धा पीत नसे. तिनं मला फोन केला. मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलली.

"पंधरा दिवस येऊ का गं तुझ्याकडे? दोघांना घेऊन. टेस्ट होऊ दे, मग जातो आम्ही."

माझी नजर सोफ्यावर होती.

"अक्का, तू कधीही ये गं. पण आमच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत."

ती म्हणाली, "परवागिल्ला. शशी आला की बघू. तू जेवलीस?"

काही हरकत नाही, असं ती म्हणाली. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एक लॅब्राडोर होता. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्याबरोबर लिफ्टनं खाली-वर करत होते.

आठवड्याभरानं वॉचमननं माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. मलनाडातल्या कोवळ्या अख्ख्या कैऱ्यांचं लोणचं, मला आवडायचं ते. "गाडीवाल्या मॅडम देऊन गेल्या," म्हणाला. मी तिला मेसेज केला, 'अक्का, वर का नाही आलीस?' तिनं लिहिलं, 'गाडी लावायला जागा नव्हती.' मी त्यावर एक हसरा चेहरा पाठवला. आमचं शेवटचं बोलणं ते.

हुणसूरच्या पुढे एका तळ्याकाठी तिनं गाडी लावली होती. सकाळची वेळ. चहाच्या टपरीवाल्या बाईनं पाहिलं, तर कुत्री भुंकायची थांबतच नव्हती. ती जवळ गेली. नंदक्का मशीनवर डोकं टेकून बसली होती, पावलं पायट्यावरच होती, सुईखाली कुणाच्यातरी झंपराची बाही अर्धी शिवलेली... त्या बाईनं फोनमधला वरचा नंबर लावला, तो शशीचा. कुत्र्यांनी कुणालाही तिला हात लावू दिला नाही म्हणे. शशी बेळगावहून पोचला, तेव्हा कुठे सोनी बाजूला झाली.

तेराव्याला मंडी मोहल्ल्यातल्या त्या वरच्या खोलीत दाटीवाटीनं माणसं बसली होती. माधवण्णा मला म्हणाला, "तू तिला रस्ता दाखवलास, तुझे उपकार आहेत." मला खाली बघावं लागलं. रस्ता तिनं दाखवला होता. जेवणं झाल्यावर मी शशीला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सोसायटीचं खोटं होतं, मी खोटं बोलले. मला वाटलं, तो मला बोलेल, निदान तोंड फिरवील. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"तिला ठाऊक होतं," तो म्हणाला.

लोणचं द्यायला ती आली, तेव्हा वरच येणार होती. फाटकाशी तिला पट्टा बांधलेलं एक मोठं कुत्रं दिसलं. वॉचमन त्याचे लाड करत होता. तिनं सहज विचारलं, इथं कुत्री चालतात का? तो म्हणाला, चालतात की मॅडम, अकरा आहेत. मग बरणी तिथंच ठेवून ती निघाली. त्या संध्याकाळी शशीशी फोनवर बोलली. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तिला कळू देऊ नकोस. सुम्ने वाईट वाटून घेईल."

मी त्या जिन्यात बसले. वर कुणीतरी ताटं घासत होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, फोन घेणं बंद केलं असतं, तर मी निदान माफी मागायला गेले असते आणि कदाचित तिला हाताला धरून दवाखान्यातही नेलं असतं. डॉक्टर सांगतात, टेस्ट वेळेवर झाली असती तरी ती वाचलीच असती असं नाही. मीही स्वतःला ते सांगून पाहते. पण तपासणी का लांबली, हे मला माहीत आहे.

मी शशीकडे दोन्ही कुत्री मागितली. सोनी द्यायला तो तयार नव्हता. तो पुन्हा गाडीत राहायला गेलाय आणि तिला रस्त्याशिवाय जमत नाही. गुंडूला मात्र आता गाडीचे हादरे सोसत नाहीत, म्हणून थोडा विचार करून त्यानं तो दिला. मी त्याला फाटकातून आत नेलं, तेव्हा वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. कुत्र्याचं नाव, फ्लॅट नंबर, सही. एक ओळ. एवढंच होतं ते.

पहिले दोन दिवस गुंडू जेवला नाही. दूधभात, अंडं, मटणाचं पाणी, सगळं करून पाहिलं. ताटलीपर्यंत यायचा, वास घ्यायचा आणि दचकून मागे सरायचा. शेवटी शशीला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्याचा उजवा डोळा गेलाय वर्षभरापूर्वी. खाताना बाजूनं कुणी येईल म्हणून घाबरतो. अक्का रोज त्याच्या उजव्या अंगाला जमिनीवर बसायची, पाठीवर हात ठेवायची. मग खातो."

डोळा गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षभरातल्या फोनवर ती सांगत असेलही, मी ऐकलं नसेल.

आता रोज दोन्ही वेळा मी त्याच्या उजव्या बाजूला फरशीवर बसते आणि पाठीवर हात ठेवते. तो आधी हाताचा वास घेतो, जरा थांबतो, मग खायला लागतो. ताटली रिकामी होईपर्यंत मी हात काढत नाही.