माउस तिच्या पर्समध्ये

जयपूरच्या प्रताप नगरमधल्या आमच्या ऑफिसात ऑनलाइन कोर्स तयार होतात आणि आमच्यातली एक मुलगी ते तपासते; तिनं तपासल्याशिवाय एकही बाहेर पडत नाही. तिला दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो, तेही इतकं भरभर की मला नुसती किरकिर ऐकू येते. तिचा एक कान इअरफोनला, दुसरा आमच्या गप्पांना. घर मराठी, पण जयपुरातच वाढल्यामुळे तिचं मराठी असं: "मतलब दादा, चित्रं छान असतील तुमची, पण मला नुसतं 'बटन, बटन, बटन' ऐकू येतंय. कशाचं बटन?" तिनं इअरफोन काढून डबा उघडला, की समजायचं धडा पास.

परवा एका कोर्सच्या परीक्षेत एक प्रश्न असा निघाला, की उत्तर माउसनंच ओढून जागेवर न्यायचं; बाण दिसत नाही म्हणून ती तर सगळं कीबोर्डवरच करते. साहेब म्हणाले, "एक ही तो है, जाने दो."

ती उठली, साहेबांच्या टेबलावरचा माउस काढून तिनं पर्समध्ये टाकला. "अब कीजिए, सर."

साहेबांनी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबून पाहिली. उत्तर जागचं हललं नाही.

दुपारी मी प्रश्न बदलून दिला. तिनं तो सोडवला, इअरफोन काढला आणि डबा उघडून आधी साहेबांपुढे धरला. माउस परत द्यायची मात्र तिला काही घाई नव्हती.