दौंडच्या साडूंची खोकी

आमच्या दौंडच्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि मी जन्मात कुणावर जळलो असेन तर याच माणसावर. कुणाचा जुना रेडिओ कायमचा बंद पडला की हे सांत्वनाला गेल्यासारखे जातात आणि येताना त्याचे रिकामे खोके घेऊन येतात. "खोकं चांगलं हाय, आत कायतरी घालू," एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. त्यांच्या घरी दाराची बेल एका खोक्यातून वाजते, वीज गेली की दुसऱ्यातून उजेड पडतो, आणि पाण्याची टाकी भरली की तिसरे ठणाणा करते. मी शिरूरच्या दुकानातून नवा कोरा टेपरेकॉर्डर आणला, तर बायको म्हणाली, "छान आहे. पण धाकट्या पाहुण्यांनी घरीच केला असता." त्या दिवशी मी तो लावलाच नाही.

सासुरवाडीला, वरवंडला, थोरला जावई म्हणून पहिला मान माझा. तेवढाच माझ्याकडे उरला होता आणि तोही हा माणूस नेणार, अशी मला धास्ती. एका धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना जेवायला बोलावले होते. साडू काखेत खोके मारून हजर. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, ऐकू येईनासे झाले होते. कानातले यंत्र शिट्ट्या मारते म्हणून त्यांनी कोनाड्यात टाकले होते. साडूंनी खोक्यात ॲम्प्लिफायर बसवला होता. एका वायरीला हेडफोन, दुसरीला माईक. रेडिओच्या काचेवरची मुंबई, दिल्ली ही स्टेशनांची नावे तशीच होती. काट्याला आता काहीच काम नव्हते, तरी आबांनी तो आधी पुण्यावर आणला. "पुणं साफ लागतं," ते म्हणाले.

घर गोळा झाले. संपला आपला मान, असे मनात म्हणत मी घास गिळतो आहे तोच साडूंनी माईक माझ्यापुढे धरला.

"दादा, तुम्ही थोरले. पहिलं तुम्ही बोला. म्या अजून कुणाला बोलू दिलं न्हाई."

इतके जळून झाल्यावर माणसाला बोलायला काय सुचणार?

"आबा, जेवलात का?"

आबांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. "व्हय," ते म्हणाले, "आन् पाव्हणं, तुमचा आवाज जरा जाड झालाय." मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बसले.

सासूबाई, मुली, नातवंडे, सगळी बोलली. साडू खाली बसून वायर सांभाळत होते. त्यांची पाळी येईपर्यंत आबा खोके मांडीवर घेऊन झोपी गेले.

"असू द्या," साडू हळूच म्हणाले.

पूर्वी मी त्यांच्या हातातल्या कसबावर जळायचो. हल्ली त्या 'असू द्या'वर जळतो.