रुमालाखालचं घर

मंगलाबाई निकमांना शाळेत सगळे मागून 'कशाचेबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. टांगेवाल्याने जास्त मागितले, की या विचारणार, "कशाचे?" डॉक्टरांनी बिलात इंजेक्शन लावलं, की "कशाचे? सुई तर मी घेतलीच नाही!" हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात आहेराची वर्गणी फिरली, तेव्हा सगळा स्टाफ मुकाट्याने खिशात हात घालत होता. या एकट्या म्हणाल्या, "लग्न त्यांचं, आहेर त्यांना, आणि रक्कमही त्यांनीच ठरवायची? हे कशाचे?" हेडमास्तर पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंचं काही अडलं नाही.

अशा बाईने जन्मात एकदाच, न विचारता पैसे काढून दिले. अहो, कशाचे म्हणून चकार शब्द नाही! आणि ते कशाचे होते हे कळलं, तेव्हा भर दुपारी स्वतःच्या घरात त्यांना मटकन खाली बसावं लागलं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. यजमान रावजी सातपूरला कारखान्यात, बाई म्युनिसिपालटीच्या शाळेत, आणि बिऱ्हाड सातपूरच्याच एका चाळीत. चाळमालकाला चाळ पाडून इमारत बांधायची होती. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा, असं त्याने सांगून टाकलं. बाईंनी ठरवलं, आता पुन्हा भाड्याच्या खोलीत जायचं नाही. जायचं ते आपल्या घरात, आपल्या नावाची पाटी लावून.

पण घर मिळेना. पैशांची सोय झाली होती, तरी मिळेना. कॉलेज रोडच्या एका फ्लॅटवाल्याने आधी सरबत दिलं, मग गोड आवाजात विचारलं, "निकम म्हणजे सटाण्याकडचे का?"

"नाही, दिंडोरीकडचे."

"असं का? गावात घर कुठल्या आळीला?"

बाईंनी सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही असं नाही, पण आळी कशी बदलणार? फ्लॅटवाला म्हणाला, अरेरे, कालच विसार घेतला हो दुसऱ्याकडून. दुसऱ्या ठिकाणी तर सरबतही मिळालं नाही.

मग कुणीतरी सावळीरामचं नाव सांगितलं. त्र्यंबक नाक्यावर सायकलच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं, तेच त्याचं ऑफिस. हा सावळीराम आधी घोटीच्या बैलबाजारात दलाल होता. तिथला सौदा तुम्ही पाहिला असेल. दलाल हातावर रुमाल टाकतो, विकणाऱ्याची बोटं रुमालाखाली दाबून किंमत विचारतो, मग तोच हात घेणाऱ्यापुढे नेतो. बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. विकणारा काय म्हणाला ते घेणाऱ्याला कळत नाही, घेणारा काय म्हणाला ते विकणाऱ्याला कळत नाही. कळतं ते फक्त दलालाला. नाशकात जागांना भाव यायला लागला तशी सावळीरामने बैल सोडले आणि घरं धरली. रुमाल मात्र खांद्यावर तसाच राहिला.

त्याने घर दाखवलं ते झकास. गंगापूर रोडच्या आत, बैठं, पुढे तगर, मागे मोरी, माजघरात भिंतीवर मोठं कॅलेंडर, स्वयंपाकघराची एक भिंत नुकतीच रंगवलेली. बाई त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि तिथून हलेनातच. मालकीण यशोदाबाई, यजमान वारलेले, आता पिंपळगावला भावाकडे जाणार. त्या दिवशी त्या घरी नव्हत्या. सावळीराम दोघींची गाठ पडूच देत नव्हता. बाईंना वाटलं, आपण परस्पर सौदा करून याची दलाली बुडवू अशी याला धास्ती असणार. दलाली दोन टक्के, विकणाऱ्याकडून वेगळी, घेणाऱ्याकडून वेगळी.

"घेणाऱ्याने का द्यायची?" बाईंनी रीतसर भांडण काढलं. "घर त्यांना विकायचंय, तुला बोलावलं त्यांनी. मी कशाचे देऊ?"

"उन्हात चप्पल कुणासाठी झिजवली बाई? तुमच्याचसाठी ना?" सावळीराम म्हणाला. बाईंना ते पटलं. चपलेचे द्यायला त्यांची ना नव्हती.

दलालीचं पक्कं करायला तो सातपूरला खोलीवर आला. आत पाय ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांचा मोठा फोटो. हा फोटो बाईंच्या आईने, भागीबाईने, छप्पन साली नागपूरहून छातीशी धरून आणला होता. गाडीच्या गर्दीत काच तडकली होती, ती तशीच होती. आई गेली तेव्हा बाईंनी तिचं दुसरं काही मागितलं नाही.

सावळीराम पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "काम होईल बाई. पण दलालीवर वरचे द्यावे लागतील. तिकडे कळू द्यायचं नाही ते माझ्यावर सोडा. यशोदाबाईंची एक अट आहे. घर कुणाच्या हाती जातंय ते बघणार, तुमच्या हातचा चहा पिणार, मगच खरेदीखत. त्या दिवशी तेवढी भिंत मोकळी ठेवा."

 कशाचे, हा शब्द बाईंच्या अगदी ओठावर आला. पण डोळ्यांपुढे ते सरबत आलं, दिवाळी आली, तो ओटा आला. त्यांनी ट्रंक उघडली आणि वरचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

रावजी दाराशी बूट घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. "मंगल, तू दिलेस?" एवढंच म्हणाले आणि बुटाची नाडी न बांधताच पाळीला निघून गेले.

चहाच्या दिवशी सकाळी बाईंनी दोन्ही तसबिरी उतरवल्या. आईच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. ट्रंकेची कडी काही केल्या बसेचना. आणि भिंतीकडे बघतात तर काय! स्टोव्हच्या धुराने सगळी भिंत काळवंडलेली, आणि मधोमध दोन पांढरे चौकोन लख्ख उठून दिसताहेत. झाकायला हाताशी काही नव्हतं. तेवढ्यात रिक्षा आलीच.

यशोदाबाई बारक्या, वाकलेल्या, साठीच्या. बोलायच्या कमी. सावळीराम मात्र दोघींच्या मध्ये पाट मांडून बसला. यशोदाबाईंनी काही विचारलं, की बाईंच्या आधी उत्तर याचंच. बाईंनी काही विचारलं, तरी तेच. यशोदाबाईंची नजर भिंतीकडे गेली आणि तिथेच राहिली. चहा त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. "झालं काम!" सावळीराम जाता जाता कुजबुजला. बाईंना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बाई भाजी निवडत होत्या, तर दारात यशोदाबाई. एकट्या. सावळीराम नाही.

"काल भिंतीवरून काय काढलंत?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

संपलं, बाईंच्या मनात आलं, हे घरही गेलं. आणि गंमत बघा, घर गेलं असं वाटताक्षणी त्यांची भीतीच गेली. त्या उठल्या, ट्रंक उघडली, लुगडं सोडलं, आणि यशोदाबाईंच्या डोळ्यांदेखत दोन्ही तसबिरी होत्या तिथे टांगल्या.

"हे काढलं होतं. आम्ही बौद्ध. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

यशोदाबाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक होतं."

"काय?"

"सावळीरामने कालच्या चहाच्या आधीच सांगितलं. म्हणाला, गिऱ्हाईक असलं आणलंय की त्यांना दुसरं घर कुणी देणार नाही. म्हणजे कळलं तरी मागे फिरणार नाहीत."

बाई मटकन खाली बसल्या. भाजीची परात उलटी झाली. ज्या गोष्टीचा बोभाटा होऊ नये म्हणून त्यांनी पैसे दिले, आईचा फोटो ट्रंकेत कोंबला, नवऱ्याच्या नजरेला नजर देणं सोडलं, ती गोष्ट त्या मेल्याने आधीच सांगून टाकली होती! लपवण्याचे पैसे घेतले होते, आणि लपवलेलं काहीच नव्हतं!

"पण... काय कळलं तरी मागे फिरणार नाहीत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

आता यशोदाबाईही खाली बसल्या. "माझ्या माजघरात कॅलेंडर बघितलंत ना? त्याच्यामागे असाच पांढरा चौकोन आहे. तिथे माझ्या लताचा फोटो होता. एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी स्टोव्ह भडकला. त्याच स्वयंपाकघरात. ती भिंत काळी झाली होती म्हणून रंगवली."

बाईंचा हात तोंडावर गेला. त्याच ओट्याशी त्या उभ्या होत्या. तिथेच त्यांनी आपले डबे कसे मांडायचे ते मनात ठरवून टाकलं होतं.

"लोक नाही नाही ते बोलले," यशोदाबाई म्हणाल्या. "तिनेच करून घेतलं म्हणाले. भडका होता हो तो, मी शेजारच्या खोलीत होते. घर बघायला येणारे बाहेरून ऐकून परत जायचे. सावळीराम म्हणाला, मला वरचे द्या, मी कुणाला कळू देत नाही. फोटो मात्र काढा, फोटो दिसला की विचारतात. मी पोरीचा फोटो काढला बाई. जेवताना रोज समोर असायचा तो." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुम्हाला द्यायला मी मोठ्या मनाने तयार झाले नव्हते. दुसरं कुणी घेईना म्हणून झाले. पण काल ती भिंत बघितली आणि मला काही सुचेना. आता कळलंय सगळं. घ्यायचं तर घ्या, नाही तर नका घेऊ."

बाईंनी पाणी आणून दिलं. भूतबाधा असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण एक पोर गेली आणि तिचा फोटोही या बाईला झाकावा लागला, हे त्यांना सहन होईना. "घर मी घेणार," त्या म्हणाल्या. "पण आधी चला माझ्याबरोबर."

दोघी रिक्षाने थेट त्र्यंबक नाक्यावर गेल्या. दोघींना एकत्र बघून सावळीराम उठून उभा राहिला, पण त्याचा चेहरा पडला म्हणाल तर तसं काही नाही.

"सावळीराम," बाईंचा आवाज सायकलच्या दुकानात आतपर्यंत गेला, "दलाली तुझी हक्काची, ती खरेदीच्या दिवशी देईन. पण वरचे घेतलेस ते कशाचे?"

पंक्चर काढणाराही थांबला. सावळीराम शांतपणे म्हणाला, "बाई, घरात जीव गेलाय का असं तुम्ही यांना विचारलं असतं, तर यांनी सांगितलं असतं. यांनी तुमच्या तोंडावर विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं. तुम्ही दोघींनी विचारलं नाही. मी नुसता रुमाल धरला. मी मागितले, तुम्ही दिलेत. कशाचे दिलेत ते तुम्हीच सांगा की."

इतका निर्लज्ज माणूस! बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण वर्गात, बाजारात, दवाखान्यात ज्यांना कधी उत्तराची वाण पडली नाही, त्या बाई भर नाक्यावर अवाक् होऊन उभ्या राहिल्या. कशाचे दिले, ते त्यांना ठाऊक होतं. भीतीचे दिले होते. आणि हे त्या कुणालाही सांगू शकत नव्हत्या. यशोदाबाईंनी त्यांना हात धरून रिक्षात बसवलं. वरचे पैसे दोघींनाही परत मिळाले नाहीत.

खरेदीखत झालं. दिवाळीच्या आधी निकम मंडळी नव्या घरात आली. पाटी रावजींनी स्वतः ठोकली, दोघांच्या पूर्ण नावांची. बुद्धवंदना झाली. बाईंनी माजघरातलं कॅलेंडर काढलं आणि पिंपळगावहून आलेल्या यशोदाबाईंना म्हणाल्या, "लताचा फोटो आणलात?" निरोपात त्यांनी तसं बजावलं होतं. यशोदाबाईंनी पिशवीतून फोटो काढला. खिळा होताच. दोन वेण्या घातलेली, हसणारी मुलगी आपल्या जुन्या जागी गेली. शेजारच्या भिंतीवर तडकलेल्या काचेचा फोटो आधीच लागला होता.

कॉलनीतल्या दोघी बायका बघायला आल्या. चहा झाला. लताचा फोटो बघून दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने विचारलंच, "निकम म्हणजे, सटाण्याकडचे का?"

"दिंडोरीकडचे," मंगलाबाई म्हणाल्या. "बौद्ध. आणि ही लता, यशोदाबाईंची मुलगी. याच घरात स्टोव्ह भडकून गेली. आणखी काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

 विचारणारीने भरलेला कप हळूच खाली ठेवला, काहीतरी निमित्त सांगितलं आणि ती निघून गेली. चहा तसाच राहिला. बाई त्या कपाकडे बघत राहिल्या. हे होणार हे त्यांना माहीतच होतं.

दुसरीने एक घोट घेतला, थोडी घुटमळली, आणि म्हणाली, "साखर जरा कमी झालीय का हो?"

बाई स्वयंपाकघरात धावल्या. नव्या घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर ठेवला होता ते त्यांना आठवेना. यशोदाबाई बाहेरून, बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "ओट्याच्या डाव्या हाताला बघा. माझी साखर तिथेच असायची."