टोइंगवाल्या काकांचा फोन

टोइंगवाल्या काकांच्या घरात आवाजाला बंदी होती. तशी पाटी कुणी लावली नव्हती. पण फोनची घंटा वाजली आणि ऐकू आली नाही, असं होता कामा नये, हा त्या घराचा पहिला कायदा. रेडिओ आला तसा पाहुण्यासारखा परत गेला. लेक पाढेसुद्धा मनातल्या मनात पाठ करायला शिकली.

काका स्वतःही अबोल. जेवताना एक कान फोनकडे. घंटा वाजली की काकू उचलायच्या, "कुठे आहात?" विचारायच्या आणि पलीकडचा जागा सांगेस्तोवर काकांचा एक पाय चपलेत गेलेला असायचा. मग काकू म्हणायच्या, "निघालेत." तेवढ्या शब्दावर बंद गाडीशी उभी असलेली माणसं निर्धास्त व्हायची. काकांनी मोबाइल कधी घेतला नाही. "गाडी ओढू की बोलत बसू?" म्हणायचे.

अंगणातल्या टोइंगच्या गाडीला ते 'थोरली' म्हणत. "तुझ्याआधी घरात आलीय ती. मान राख," असं काकूंना चिडवत.

"राखते की! आजपासून जेवायलाही तिलाच वाढू दे," काकू म्हणायच्या.

पण थोरलीच्या केबिनमध्ये काकू कधी बसल्या नव्हत्या. शेजारची जागा वाटेत अडकलेल्याची, आणि फोनपाशी कुणीतरी हवंच.

काका गेले त्याला आता काही महिने झाले होते. एका सकाळी ते उठलेच नाहीत. गाव हळहळलं, घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं. "आई, तो फोन काढून टाक," लेक म्हणाली. "बघू," काकू म्हणाल्या आणि तो विषय तिथेच राहिला. घंटा हळूहळू वाजेनाशी झाली. तरी काकू भांडी घासायच्या ती नळ बारीक सोडूनच.

अशातच एका दुपारी त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, आणि घंटा वाजली.

"काकू, मी शिंपी! बरेच महिने लेकीकडे होतो, आज परत येतोय, तर गाडी पुन्हा रुसली बघा. पुलाच्या अलीकडे, लाकडाच्या वखारीसमोर आहे."

"निघालेत," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर त्यांची नजर दाराकडे गेली. कुणीच उठलं नव्हतं. परत फोन करावा, तर शिंप्याचा नंबर त्यांना ठाऊक नव्हता. आणि तो बिचारा दुसऱ्या कुणाला बोलावणार नव्हता. काका निघालेत म्हटल्यावर दिवस मावळला तरी तो वखारीसमोरून हलणार नव्हता.

त्या तशाच शेजारच्या गॅरेजात गेल्या. तिथला मिस्त्री काकांचा जुना दोस्त. दोघांचं एकाही गोष्टीवर कधी एकमत झालं नाही, आणि एकमेकांवाचून एक दिवस गेला नाही. थोरलीची बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून तिला चालू करायला तोच यायचा.

काकूंनी झाला प्रकार सांगितला. मिस्त्रीनं हात पुसले. "एवढंच ना? जाऊन घेऊन येतो त्याला. तुम्ही घरी बसा, वहिनी."

"मी येते."

"तुम्ही कशाला?"

"ते निघालेत असं मी सांगितलंय. ते नाहीत, हेही मीच सांगायला हवं."

मिस्त्रीनं वाद घातला नाही. पायरी उंच होती. त्यानं हात दिला. वर बसल्यावर काकूंना सगळा रस्ता खाली दिसायला लागला. हे रोज एवढं बघायचे आणि घरी येऊन एक शब्द बोलायचे नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

वखारीसमोर शिंपी एका ओंडक्यावर बसला होता. थोरली दिसताच तो हसत उठला, हात हलवला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून केबिनमध्ये काकांना शोधू लागला. काकू खाली उतरल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली.

"भाऊ, ते आता नाहीत. सवयीनं बोलून गेले मी. माझं चुकलं."

शिंप्याचा वर धरलेला हात खाली यायला वेळ लागला. तो पुन्हा ओंडक्यावर बसला. "आणि मी इथे बसून," तो म्हणाला, "त्यांना काय काय सांगायचं ते आठवत होतो."

मिस्त्रीनं साखळी लावली, हुक अडकवला, पुढची चाकं उचलली. परतीच्या वाटेवर तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले.

"केबिन किती शांत वाटतेय," शिंपी म्हणाला. "काका गायचे ना इथे."

काकूंनी वळून मिस्त्रीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता, वहिनी? मी कधी रस्त्यात बंद पडलोय?"

"गायचे? हे?"

"अहो, मोठ्यानं! दरवेळी तेच एक गाणं. एका सुराचा दुसऱ्याशी संबंध नाही. जुनं कापड टराटरा फाडावं तसा आवाज. पण गाडी बंद पडल्याचं दुःख विसरायला व्हायचं."

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाशी धरला. नवऱ्याला उचकी कशी लागते, झोपेत तो कोणत्या कुशीवर वळतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्याचा गाण्याचा आवाज मात्र या शिंप्याच्या कानात होता.

"म्हणून दाखवा ना, भाऊ."

"मी? काकू, मला सुरातलं काही कळत नाही."

"त्याला तरी कुठे कळत होतं?" मिस्त्री म्हणाला.

शिंपी खाकरला. समोर रस्त्याकडे बघत, लाजत लाजत त्यानं दोन ओळी म्हटल्या. गाणं काकूंच्या ओळखीचं नव्हतं. शिंपी थांबला.

"पुढे?"

"पुढचं ठाऊक नाही, काकू. तेवढ्यात माझं घर यायचं."

शिंप्याची गल्ली समोर दिसायला लागली होती. मिस्त्रीनं गिअर बदलला.

"मिस्त्री," काकू म्हणाल्या, "जरा लांबून घ्या. आणि भाऊ, तेवढंच पुन्हा म्हणा."