हात न लावायचं कपाट

राज्याच्या वाटणीत मलकपेठचा कारकून दौलत आंध्राच्या वाट्याला आला. दोन वर्षं काही फरक पडला नाही, मग ऑफिसच विजयवाड्याला निघालं. तिथल्या खोलीत तो धरून ऑफिसातले तिघे राहणार होते आणि चौथी म्हणून पाल कुणालाच नको होती.

पाल परदेशी, ठिपक्यांची, पाळायची. एक मित्र दुबईला जाताना देऊन गेला होता. दौलतचा तिच्यावर फार जीव. बायको भामा इथंच मागे राहणार होती, पण तिचा अजिबात नव्हता. "अळ्या टाकते, हौ. पण हात लावणं नक्को. नाहीतर देऊन टाका कुणाला," तिनं सांगून टाकलं.

म्हणून दौलत प्लायवूडचं कपाट करायला बसला. आत प्लास्टिकचे दोन टब, मधे पाइप. एक टब धुवायचा तर पाल पाइपातून दुसऱ्यात जाईल, हात लावायचं कामच नाही. टबांच्या वरच्या काठाला त्यानं तापलेल्या सळईनं हवेसाठी भोकं पाडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. भामानं खिडक्या उघडल्या.

वॉर्निश लावलं त्या दिवशी पालीला वास नको म्हणून तिला भोकं पाडलेल्या, झाकणाच्या डब्यात घालून ओट्यावर ठेवलं आणि दोघं कामाला गेली. दुपारी दौलतला आठवलं, ओट्यावर ऊन येतं. घरमालकीण अनसूयम्माकडे किल्ली असे. त्यानं फोन लावला, पण तेलुगूत पालीला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. "अम्मा, डब्बाल पाल उंदि. एंडल पेट्टकंडि." डब्यात पाल आहे, उन्हात ठेवू नका.

तेलुगूत पालु म्हणजे दूध. अनसूयम्मानं डबा फ्रिजमध्ये ठेवला. तळाशी फरशीचा तुकडा होता, त्यामुळे तो जडही लागला. दुधाच्या डब्याला भोकं कशाला, हे तिला कळलं नाही, पण भाडेकरूंच्या स्वयंपाकात ती नाक खुपसत नसे.

संध्याकाळी भामा आधी आली. चहासाठी फ्रिज उघडला, डबा दिसला. आत पाल गारठून पडलेली, डोळे मिटलेले.

दौलत आला तेव्हा भामा कपाटासमोर ओंजळ मिटून बसली होती. बोटांतून ठिपक्यांची शेपटी बाहेर आली होती. गेली का, एवढंच त्यानं विचारलं.

"मघाशी पाय हलवला. हळू बोला."

तो शेजारी बसला. कपाटाकडे बघत ती म्हणाली, "तो मधला पाइप काढून टाका. उगाच जागा अडवतोय."