प्लायचा काळा भुसा

प्रभावती जोगदंड चिखलीत फायबरचं काम करते. नवऱ्यासोबत सुरू केलेली पत्र्याची शेड, तो गेल्यावर तिने एकटीने चालवली. बसच्या सीट, पाण्याच्या टाक्या, क्वचित एखादी बोट. "मी केलेलं काम जागचं हलत नाही," असं ती गिऱ्हाइकाला सहज सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी कस्तुराबाई टेम्पोत बोट घालून आल्या. राजगुरुनगरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यातून त्या पलीकडच्या वाड्यांची पोरं शाळेत ने-आण करतात. मोटर बोटीच्या मागच्या फळीवरच टांगलेली होती. ती फळीमागे जोडलेल्या ब्रॅकेटवर घेऊन थोडी मागे सरकवली, तर आत बसायला जागा होणार होती.

"फायबरचा बरा का अल्युमिनियमचा, ताई?"

"फायबरचाच घ्या. अल्युमिनियमचं वेल्डिंग हादऱ्याने तडकतं. हा मी करून देते."

माप घेऊन प्रभावतीने फळीला पहिलं भोक पाडायला घेतलं. वरचा फायबरचा थर कटला आणि ड्रिल एकदम आत गेलं, लोण्यात जावं तसं. बाहेर काढलं तर टोकाला काळा, ओला भुसा चिकटलेला. त्याला कुजका वास येत होता. तिने भोकात स्क्रूड्रायव्हर घातला. तो मुठीपर्यंत गेला.

आत प्लाय आणि वरून फायबर अशी ही फळी चार वर्षांपूर्वी तिनेच बसवली होती. बोल्टची भोकं आतून बंद करायची राहिली होती. तिथून पाणी झिरपून मधला प्लाय सडला होता. वरून फायबर मात्र नव्यासारखं चकचकीत.

"काय झालं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"आतलं लाकूड गेलंय. माझी चूक आहे."

कस्तुराबाईंनी बोटाने भुसा चोळून पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल बावीस पोरं व्हती हिच्यात. माझी नातबी."

ब्रॅकेट लागला असता तर फळीवरचा ताण आणखी वाढला असता. मोटर फळीसकट उपटून निघाली असती, तीही भर पाण्यात. प्रभावती रेझिनच्या डब्यावर बसली. आपण केलेल्या कामाकडे बघायची तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी फळी कापून काढली. नवी बसवली, प्रत्येक भोक आतून रेझिनने भरून घेतलं. काम तीन आठवडे चाललं. शाळा उघडली तेव्हा पोरं आठवडाभर जीपने, लांबच्या रस्त्याने गेली.

ब्रॅकेट तिने शेजारच्या वेल्डर धम्मरत्नकडून अल्युमिनियमचा करून घेतला.

"तुमीच तर म्हनला व्हता, तडकतो," कस्तुराबाई म्हणाल्या.

"तडकला तर डोळ्यांना दिसेल. फायबर आतलं काही सांगत नाही. दर रविवारी वेल्डिंगच्या जोडांवरून हात फिरवा. बारीक रेघ दिसली तरी मोटर उतरवा."

"आता मी समदंच तपासनार हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचा विश्वासही नव्हता.

बोट गेल्यावर प्रभावतीने जुनी वही काढली. आणखी दोन बोटींच्या फळ्या तिने केल्या होत्या. एका मालकाने तिच्यासमोर भोक पाडलं. लाकूड कोरडं निघालं. दुसऱ्याचा फोन बंद होता. वहीत फक्त गावाचं नाव होतं. रविवारी ड्रिल पिशवीत घालून ती त्या गावच्या एसटीत बसली.